पाटी वाचायची असते

पुण्यात वाढलेल्या माणसाला पाट्यांचं कौतुक असतं, धाक नसतो. 'येथे वाहन लावू नये' या पाटीखालीच आपण गाडी लावतो. पाटी जरा खवचट असेल तर आधी तिचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि मग गाडी लावतो. न्यूझीलंडला येताना गोडा मसाला, दोन कुकर आणि ही सवय मी सोबत आणली. सवयीचं वजन विमानतळावर कुणी करत नाही.

पुढे ती सवय एका कुत्रीच्या जिवावर बेतली.

मी लोअर हटमध्ये राहते. वेलिंग्टनहून ट्रेन निघते, समुद्राला खेटून पिटोनीपर्यंत येते आणि मग एका लांबट दरीत शिरते. या दरीतून हट नदी वाहते. तिचं माओरी नाव ते आवा काइरांगी. तारारुआच्या डोंगरात उगम पावते आणि वेलिंग्टनच्या बंदरात समुद्राला मिळते. घरापासून नदी पाच मिनिटांवर. मध्ये फक्त गवताने झाकलेला मातीचा लांबच लांब बांध, पूर अडवणारा. संध्याकाळी त्यावरून लोक चालतात, धावतात, कुत्री फिरवतात.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला नदीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "हट्ट? नदीचं नाव हट्ट?" तेव्हापासून आमच्या घरात ती हट्ट नदीच आहे. नाव तसं चुकीचं नाही. १८४० मध्ये इंग्रज वसाहतवाले आले, तेव्हा त्यांनी पहिलं गाव याच नदीच्या मुखाशी, पिटोनीला वसवायला घेतलं होतं. नदीने काही महिन्यांतच घरांत पाणी घातलं. मंडळी सामान उचलून बंदराच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि आजचं वेलिंग्टन शहर तिथे उभं राहिलं. थोडक्यात, राजधानी कुठे वसणार हे ठरवण्यात हट्ट नदीचाही हात आहे.

आईला बांध फार आवडला. पहिल्याच दिवशी त्यावर उभी राहून तिने नदीकडे बघितलं, मग मागे वळून घरांच्या छपरांकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी इथवर येतं म्हणजे." पानशेत फुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतला वाडा सोडून सगळे पर्वतीच्या दिशेने गेले होते. परत आल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर होती, ते ती अजून हात वर करून दाखवते. तिची नदीशी ओळख झाली ती अशी. त्यामुळे तिला बांध म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. ते कोण बांधतं, असं मात्र तिने विचारलं. मी म्हटलं, "असेल कुणीतरी, सरकार." सहा वर्षं त्या देशात राहून माझं उत्तर एवढंच होतं.

*

आमच्या शेजारी एक बाई राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. एकट्या. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलंय, त्यामुळे सगळी भिस्त बसवर. इथे पासष्टीनंतर एक सोनेरी कार्ड मिळतं. गर्दीची वेळ सोडली तर त्यावर बस आणि ट्रेन फुकट. बाई सकाळी नऊ वाजून गेले की पर्स घेऊन स्टॉपवर हजर. लायब्ररी, दवाखाना, मैत्रीण, सगळं बसच्या वेळापत्रकाच्या मापात बसवलेलं.

त्यांच्याकडे एक कुत्री होती. तांबूस, मध्यम चणीची, नाव जिंजर. आईने नावाचा अर्थ विचारला. मी सांगितल्यावर तिचं ठरलं: "ये गं आल्या." जिंजर त्या हाकेलाही यायची. आई आणि शेजारच्या बाई यांच्यात भाषा फारशी नव्हती. बाईंच्या अंगणातली लिंबं आमच्याकडे यायची आणि लोणचं होऊन परत जायची. बाई ते टोस्टवर लावून खायच्या. आईला ते बघवायचं नाही, पण बरंही वाटायचं.

त्या डिसेंबरात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिंजरला फिरवायचं काम मी आपणहून घेतलं. रोज संध्याकाळी सातला, इथल्या उन्हाळ्यात तेव्हाही लख्ख ऊन असतं, मी, आई आणि जिंजर बांधावरून नदीवर जायचो.

जानेवारीत पाऊस थांबला. नदी आटत गेली. एरवी पाण्याखाली असणारे गोटे उघडे पडले, काठाशी पाणी कोमट लागायला लागलं. एके दिवशी पायवाटेच्या तोंडाशी एक पाटी दिसली. त्यावर कुत्र्याचं चित्र. मला गंमत वाटली. मी फोटो काढून पुण्याच्या ग्रुपवर टाकला: 'बघा, इथे कुत्र्यांसाठीही पाटी!' हसणारे सतरा चेहरे आले. आईने विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "काही नाही. शेवाळं झालंय म्हणे."

मी पाटीचा फोटो काढला होता. पाटी वाचली नव्हती.

चार-पाच दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी मी जिंजरचा पट्टा सोडला. ती पाण्यात उतरली, बाहेर आली, काठाला हुंगत राहिली. तिथे गोट्यांवर काहीतरी तपकिरी, वाळलेलं पडलं होतं, करपलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखं. ती ते चघळायला लागली. मी हाक मारली. ती शहाण्यासारखी आली.

बांधावर पोचेपर्यंत तिचे मागचे पाय लटपटायला लागले. आधी वाटलं काटा मोडला असेल. मग तोंडातून लाळ, मग सगळं अंग थरथरायला लागलं. मी तिला उचलली. आई पुढे रस्त्याकडे धावली. साडीतली बाई रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी बघून एक गाडी थांबली. त्या अनोळखी माणसाने आम्हाला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "नदीवर नेलं होतं?"

पाऊण तासाने जिंजर गेली.

परत येताना आई गाडीत काही बोलली नाही. घराच्या दारात म्हणाली, "मला वाचून दाखवायचं होतंस." एवढंच. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेजारच्या बाई कुबडी घेऊन दारापर्यंत आल्या. मी सगळं सांगितलं. पाटीचं, फोटोचंसुद्धा. त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग विचारलं, "ती पाण्यात खेळली का?" मी म्हटलं, हो. "मग बरं," म्हणाल्या आणि दार हळूच लावून घेतलं.

*

त्या रात्री मी तो फोटो मोठा करून वाचला.

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, ते हे नाही. हे सायनोबॅक्टेरिया. नदीच्या तळाशी गोट्यांवर त्यांचे काळे-तपकिरी थर वाढतात, मऊ चामड्यासारखे. पाणी कमी, ऊन जास्त आणि पाण्यात नायट्रोजन मुरलेला असला की ते फोफावतात. थर जाड झाले की सुटतात, वाहत काठाला लागतात, वाळतात. त्यांना मातकट, कुबट वास येतो आणि नेमका तोच वास कुत्र्यांना ओढून घेतो. काही थरांमध्ये मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष असतं. कुत्र्याला मारायला चमचाभर पुरतं. त्यावर उतारा नाही. यातलं बरंचसं पाटीवर होतं. कुत्र्याला पट्ट्याला बांधून ठेवा, काठावरचं काही खाऊ देऊ नका, हे तर मोठ्या अक्षरांत होतं.

पाटीच्या तळाशी एक नाव होतं. ग्रेटर वेलिंग्टन रीजनल कौन्सिल. हे नाव मी कुठेतरी पाहिलं होतं. सकाळी ट्रेनची वाट बघताना कळलं. वेळापत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

मला ते विचित्र वाटलं. नदीतल्या विषाची पाटी लावणारं आणि माझी ७.४० ची ट्रेन सोडणारं ऑफिस एकच कसं? पुण्याचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. धरण आणि नदीचं पाणी पाटबंधाऱ्याकडे. नदीत सांडपाणी सोडणं न सोडणं महापालिकेकडे. प्रदूषण मोजणं मंडळाकडे. बस पीएमपीकडे, म्हणजे २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बस एकत्र करून झालेल्या कंपनीकडे. प्रत्येकाची इमारत वेगळी, साहेब वेगळा, जेवणाची सुट्टी वेगळी.

न्यूझीलंडमध्येही आधी तसंच होतं. नद्यांची मंडळं, बंदरांची मंडळं, उपद्रवी प्राण्यांची मंडळं, निचऱ्याची मंडळं, अशी शेकडो लहान-मोठी मंडळं. १९८९ मध्ये त्यांची मोडतोड करून प्रादेशिक कौन्सिल बनवल्या. आज अशा अकरा आहेत. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या हद्दी. त्या बहुतेक ठिकाणी पाणलोटावरून आखल्या आहेत. डोंगराच्या माथ्यावर पडलेला थेंब ज्या बाजूला वाहील, त्या बाजूची कौन्सिल. नदी उगमापासून मुखापर्यंत एकाच घरात राहावी, तिला मध्येच सासर-माहेर करावं लागू नये, हा विचार.

गावाची कौन्सिल वेगळी असते. कचरा, गल्लीतले रस्ते, लायब्ररी, बागा तिच्याकडे. प्रादेशिक कौन्सिलकडे नद्या, पूर, किनारा, हवा, मोठी राखीव जंगलं आणि त्या जंगलांत पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या पोसम, उंदीर, स्टोट यांचा बंदोबस्त. नळाचं पाणी जिथे नदीतून उचललं जातं, त्या कायटोकेच्या रानाची राखणही तीच करते. आणि या सगळ्याच्या जोडीला बस, ट्रेन आणि बंदरातली फेरीबोट. बस खाजगी कंपन्या चालवतात, पण कोणत्या रस्त्याने, किती वाजता, किती तिकिटात, हे कौन्सिल ठरवते. ट्रेनचे डबे कौन्सिलचे, खालचे रूळ देशाच्या सरकारी रेल्वे कंपनीचे.

नदी आणि बस एकत्र का, याचं खरं उत्तर असं की एकाच गावात न मावणारी कामं उचलून एका टोपलीत टाकली. नदी एकाहून जास्त शहरांतून जाते, ट्रेनही अनेक गावांतून जाते, म्हणून दोन्ही एकाच टोपलीत. पण मी जसजशी वाचत गेले, तसतसं ते टोपलीपेक्षा जास्त निघालं. गाडीचा ब्रेक दाबला की त्यातून तांब्याची भुकटी उडते. टायर झिजतात, त्यातून जस्त सुटतं. ते रस्त्यावर बसतं आणि पावसाबरोबर गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातं. पावसाचं पाणी इथे शुद्धीकरणाला जात नाही, थेट ओढ्यात जातं. म्हणजे एक बस चाळीस गाड्या रस्त्यावरून उचलते, तेव्हा ती नदीचंही काम करत असते. नदीवाल्याने बस चालवावी यात काही चमत्कारिक नाही. आपणच दोन्ही वेगवेगळ्या वहीत लिहायला शिकलोय.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, तिकडे काय बाबा, सगळं छान. तसं नाही. १५ जुलै २०१८ ला वेलिंग्टन शहरातल्या बसचे मार्ग एका रात्रीत बदलले. थेट जाणाऱ्या बस तोडून मध्ये गाडी बदलायची पद्धत आणली. कागदावर नकाशा देखणा होता. प्रत्यक्षात बस आल्या नाहीत, आल्या त्या भरून आल्या, थंडी-पावसात लोक ताटकळले. त्या गोंधळाला लोकांनी संकटाला शोभेल असं नाव ठेवलं आणि ते पेपरात छापून आलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, विजेच्या तारांवर चालणाऱ्या जुन्या ट्रॉलीबस काढून टाकल्या होत्या. हवामानाची भाषा बोलणाऱ्या शहरात विजेच्या बस काढल्या आणि काही काळ डिझेलच्या आणल्या, यावरूनही बरंच रण पेटलं होतं. टोपली एक असली तरी आतल्या वस्तू एकमेकींवर आपटतातच.

*

शेजारच्या बाईंनी मला तीन आठवड्यांनी हाक मारली. मी त्यांच्या नजरेला नजर देणं टाळत होते हे त्यांना दिसत होतं. टेबलावर कागद पसरले होते. "टायपिंग करून देशील?" म्हणाल्या. "डोळे साथ देत नाहीत."

प्रादेशिक कौन्सिल दहा वर्षांचा आराखडा करते आणि दर तीन वर्षांनी तो नव्याने मांडते. मधल्या वर्षी एकेका वर्षाचा. त्याआधी लोकांकडून म्हणणं मागवते. कुणीही लिहू शकतं. हवं असेल तर समोर जाऊन बोलूही शकतं. बाई दर वेळी लिहितात. त्यांच्याकडे त्यांच्या सगळ्या पत्रांच्या प्रती होत्या, एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात. मागणी बहुतेक वेळा एकच: रविवारी आमच्या बाजूची बस जास्त वेळा धावावी. कारण रविवारी त्यांना माणसं भेटतात.

टाइप करताना मी विचारलं, "एवढ्या वर्षांत काही झालं?"

"दोनदा झालं," त्या म्हणाल्या. "एकदा स्टॉपवर बाक आला. एकदा एक फेरी वाढली. पुढे कमी झाली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. परत लिहिलं."

त्या क्षणी मला माझ्या घरातलं एक पाकीट आठवलं. मला कायमच्या रहिवासाचा व्हिसा मिळाल्यावर आलेलं. इथे मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, रहिवासी असणं आणि देशात सलग वर्षभर राहिलेलं असणं पुरतं. स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका पोस्टाने घरी येते. आकडे भरायचे आणि पाकीट परत पेटीत टाकायचं. माझं पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली बरेच दिवस होतं. मग शेवटची तारीख गेली, मग मी त्यामागे वाणसामानाची यादी लिहिली. ग्रुपवर मात्र मी भारतातल्या प्रत्येक निवडणुकीवर मत देत होते.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघी ट्रेनने वेलिंग्टनला गेलो. पिटोनीनंतर गाडी समुद्राकाठी आली तसं आई खिडकीला लागली. आधी स्टेशनपर्यंत बस होती. उतरताना सगळे 'थँक यू ड्रायव्हर' म्हणतात. आई ते एव्हाना शिकली होती आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. "आपल्याकडे कंडक्टरला सुट्टे दिले तरी तो आपल्याला थँक यू म्हणत नाही," असं ती म्हणायची. मग थोड्या वेळाने, "आपण तरी कुठे म्हणतो."

खोली साधीच होती. एका बाजूला कौन्सिलचे सदस्य, समोर एक खुर्ची आणि माइक. आमच्या आधी एक शेतकरी बोलला. घरपट्टीत प्रादेशिक कौन्सिलचा वाटा दर वर्षी वाढतो, माझ्या दारावरून एकही बस जात नाही, मी शहरातल्या बससाठी का भरू, असं त्याचं म्हणणं. माणूस तळमळीने बोलत होता. शेजारच्या बाई त्याच्याकडे बघून मान हलवत होत्या. मी कुजबुजले, "तो तुमच्या विरुद्ध बोलतोय." त्या म्हणाल्या, "हो. पण खोटं नाही बोलत."

मग त्यांची पाच मिनिटं आली. तीन मिनिटं त्या रविवारच्या बसबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "जानेवारीत माझी कुत्री नदीवर मेली. तेव्हा तिच्याबरोबर जी होती, ती इथे आहे. उरलेली दोन मिनिटं तिची."

त्यांनी मला हे आधी सांगितलं नव्हतं.

मी खुर्चीत बसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाटी होती, योग्य जागी होती, चूक माझी होती, असं बोलले. मग बोलले की माझी आई रोज त्या पाटीजवळून जायची. तिने काय लिहिलंय म्हणून विचारलं होतं. या नदीवर सामोआचे, चीनचे, भारताचे म्हातारे आईबाप नातवंडांना घेऊन येतात. त्यांना इंग्रजी येतंच असं नाही. दोन-चार भाषांत दोन-दोन ओळी लिहिता येतील का?

एका सदस्याने विचारलं, "तुमच्या भाषेत असती तर तुम्ही वाचली असती?"

प्रश्न साधा होता. टोमणा नव्हता. खोलीत शांतता होती. मी म्हटलं, "मी नसती वाचली. पण आईने वाचली असती."

आईला काही कळलं नाही. पण माझा आवाज कापला हे तिला कळलं. मागून तिने पाण्याची बाटली पुढे केली.

*

काही महिन्यांनी बाईंना उत्तर आलं. आभार, मुद्द्यांची नोंद, कुठल्या कामाला किती पैसा याची कारणं. मी वाचून दाखवलं. त्यांनी पत्र डब्यात ठेवलं. रविवारच्या फेऱ्या वाढल्या की नाही, याची गोष्ट मी सांगत नाहीये. मी हे सांगतेय की तो डबा त्या बंद करत नाहीत.

आई तोवर पुण्याला परत गेली होती. पावसाळा होता. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली होता. फोनवर म्हणाली, "आपल्याकडे कुणाला लिहायचं असतं गं?"

मी तोंडभर उत्तर द्यायला निघाले होते. आपल्याकडे असलं काही नसतं, आपल्याकडे कोण विचारतं, वगैरे. हे वाक्य परदेशात राहणाऱ्यांच्या जिभेवर तयारच असतं. मग म्हटलं, आधी वाचूया. आणि मला कळलं की पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांना विचारतेय. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागात कोणतं छोटं काम व्हावं, ते सुचवा म्हणून. एक फॉर्म असतो. क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. पेपरात त्याची जाहिरात येते. २००६ मध्ये मी पुण्यातच होते. दहा वर्षं तो फॉर्म माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होता.

म्हणजे पाटी तिथेही होती.

फॉर्म भरला की काम होतं, असं मी म्हणत नाही. इथेही तसं होत नाही. सुचवलेलं सगळं मान्य होत नाही आणि मान्य झालेलं सगळं उभं राहत नाही. पण 'कुणी विचारत नाही' आणि 'विचारलेलं मी वाचलं नाही' यांत फरक आहे. पहिल्या वाक्यात दोष लांब कुणाचा तरी असतो, म्हणून ते बोलायला बरं वाटतं.

२०२५ च्या ऑक्टोबरात स्थानिक निवडणूक झाली. या वेळी पाकीट आल्या दिवशी उघडलं. प्रादेशिक कौन्सिलसाठी इथे पसंतीक्रमाने मत देतात, १, २, ३ असे आकडे लिहून. प्रत्येक उमेदवाराचं म्हणणं सोबतच्या पुस्तिकेत असतं. मी आणि शेजारच्या बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ती सगळी पुस्तिका वाचली. आमचे पहिले आकडे जुळले नाहीत. आमची चांगलीच जुंपली. बरं वाटलं.

आणि महिनाभरात, नोव्हेंबरमध्ये, सरकारने एक प्रस्ताव मांडला. प्रादेशिक कौन्सिलचे निवडून दिलेले सदस्य नकोत, त्यांच्या जागी त्या-त्या प्रदेशातल्या महापौरांचं मंडळ बसवावं. कारण दिलं की दोन-दोन कौन्सिलमुळे कामं दुपटीने होतात, लोकांना कोण काय करतं तेच कळत नाही. हे वाचून मी जरा खजील झाले. कोण काय करतं हे न कळणाऱ्यांत सहा वर्षं मी होते. कदाचित सरकारचं बरोबरही असेल. महापौर आपापल्या गावाचा विचार करतील की अख्ख्या नदीचा, हा माझा प्रश्न आहे. नदीचं गाव कोणतं? प्रस्तावावर लोकांचं म्हणणं मागवलं होतं. मी माझं लिहिलं. त्यात पहिल्या ओळीत जिंजरचं नाव आहे.

उन्हाळ्यात नदीवर जाण्याआधी मी आता फोनवर बघते. कुठल्या डोहात पोहणं बरं, कुठे नको, याची माहिती कौन्सिल टाकत असते. गल्लीतल्या दोन नव्या घरांत कुत्री आली आहेत. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मला थोडं विचित्र समजून घेतलं असणार. चालेल.

शेजारच्या बाईंनी दुसरी कुत्री पाळली नाही. लोणचं मात्र संपलं की विचारतात. आईच्या हातचं नाही, मी केलेलं. त्या म्हणतात, फरक आहे. खोटं नाही बोलत.

आईने तो फॉर्म भरला. बसस्टॉपजवळ सावलीत एक बाक हवा, एवढंच मागितलं. क्षेत्रीय कार्यालयात स्वतः जाऊन दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकला. मी लगेच टाळ्यांचं चित्र टाकलं. खाली तिचं उत्तर आलं:

"नुसत्या टाळ्या नकोत. मोठा करून वाच. शेवटपर्यंत."